श्वासाची साक्ष

दर दोन-चार महिन्यांनी बातमी झळकते: फुंकर मारा, कर्करोग ओळखा. वर्षभरानं त्या यंत्राचं नावही कुणी काढत नाही. तरी आमच्यातल्या काही उत्साही मंडळींची 'इलेक्ट्रॉनिक नाका'वरची श्रद्धा ढळत नाही. श्वास ज्या टेडलारच्या पिशवीत भरतात, ती पिशवी स्वतःच फिनॉल सोडते. वॉर्डातल्या हवेत स्पिरिट असतं, रुग्णानं सकाळी कांदापोहे खाल्लेले असतात. हे सगळं वजा केल्याशिवाय आलेख काढायचा आणि त्याला निदान म्हणायचं, हे मला कधीच पटलं नाही.

पूर्वेतिहास झटपट उरकतो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात 'पुष्पितक' नावाचा अध्याय आहे. ज्याच्या अंगाला नाना फुलांचा वास येऊ लागतो, तो वर्षभरात जातो, असं त्यात म्हटलंय. १९७१ साली लायनस पॉलिंगनं श्वास गोठवून त्यात अडीचशेच्या आसपास पदार्थ मोजले आणि आधुनिक पर्व सुरू झालं. मधुमेहातला ॲसिटोन, नाक्यावरचं ब्रेथ ॲनालायझर, जठरातल्या हेलिकोबॅक्टरसाठी युरियाची श्वासचाचणी, हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. टिकलं ते एवढंच, कारण तिथं पदार्थ ठरलेला आहे आणि तो शरीरात कुठून येतो हेही माहीत आहे.

याच पंगतीत मी सिल्व्हर नायट्रेटचा कागद बसवतो. त्याची वकिली करत माझी उमेद गेली, त्यामुळे इथं थोडा रेंगाळतो. धान्यात ठेवायची गोळी म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फीन सुटतो. कुणी गोळी गिळली, की पोटातल्या ओलाव्यानं आणि आम्लानं तो मोकळा होतो आणि श्वासावाटे बाहेर पडू लागतो. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात भिजवलेला गाळणकागद रुग्णाच्या तोंडासमोर धरायचा, काही मिनिटं श्वास घेऊ द्यायचा. फॉस्फीन असेल तर कागद काळवंडतो. हायड्रोजन सल्फाइडनंही काळवंडतो, म्हणून शेजारी लेड ॲसिटेटचा कागद धरायचा; तो पांढराच राहिला, तर संशय गोळीवर.

नाकावर विसंबू नका. शेतात फवारायच्या कित्येक ऑरगॅनोफॉस्फेट औषधांनाही गोळीसारखाच लसणाचा वास येतो आणि तिथं ॲट्रोपिन द्यावं लागतं. गोळीवर उतारा नाही. रक्तदाब आणि हृदय सांभाळत बसायचं. म्हणजे पहिल्या तासात डॉक्टरचा हात कुठल्या बाटलीकडे जावा, हे तो कागद सांगतो. पुढं न्यायवैद्यकातही तोच कामी येतो. फॉस्फीन वायू आहे, व्हिसेऱ्याची बरणी प्रयोगशाळेत पोचून उघडेपर्यंत तो उडून गेलेला असू शकतो. केसपेपरवरची 'कागद काळा झाला' ही वेळेसकटची नोंद अशा वेळी लाखमोलाची. हल्ली मात्र रुग्णाजवळ वाकायच्या आधी तपासण्यांचा फॉर्म भरला जातो. एका नावाजलेल्या रुग्णालयात मी कागद मागितला, तर 'ते जुनं झालं, सर' असं उत्तर मिळालं.

बाकी न्यायवैद्यकात वासाची पत बेताचीच. अमेरिकेत फ्लोरिडातल्या २०११ च्या केसी अँथनी खटल्यात गाडीच्या डिकीतल्या हवेचा पुरावा ज्यूरीपुढं आला. खुनाच्या आरोपातून ती सुटली. आपल्याकडे अब्दुल रझाक विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात माग काढणाऱ्या श्वानाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. नागपूरहून निघणाऱ्या 'ऑल इंडिया रिपोर्टर'च्या १९७० च्या खंडात तो निकाल आहे. श्वानाची उलटतपासणी घेता येत नाही, हा तिथला आक्षेप. यंत्रवाल्यांनी तो निकाल जरूर वाचावा: मिश्रणाच्या 'ठशा'वर चालणाऱ्या त्यांच्या पेटीला तरी आपल्या मताचं कारण कुठं सांगता येतं?

ग्रामीण रुग्णालयांच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना एवढंच सांगणं: कॅज्युअल्टीच्या कपाटात सिल्व्हर नायट्रेटची एक बाटली ठेवा. तपकिरी काचेची घ्या, उजेडानं द्रावण बिघडतं.