न जाणवणारी ठिणगी

हिवाळ्यातील कोरड्या रात्री दिवा मालवून अंगातील लोकरी स्वेटर काढून पाहा. तडतड असा आवाज होतो आणि काळोखात इवल्या ठिणग्या चमकून जातात. मुलांनो, ही करामत कोणाची बरे? ही स्थितिक विद्युत होय. दोन पदार्थ एकमेकांवर घासले असता एकावरील काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात. अशा रीतीने निर्माण झालेल्या विद्युतप्रभाराला वाहून जाण्यास वाट न मिळाली, तर तो तेथेच साठून राहतो. घासलेला अंबराचा खडा गवताची काडी आपल्याकडे ओढून घेतो. म्हणूनच संस्कृतात त्याला 'तृणमणी' असे नाव आहे.

आपल्याला गंमत वाटणारी ही ठिणगी संगणकाला मात्र घातक ठरते. संगणकातील चिपमध्ये विद्युतरोधक पदार्थाचे अत्यंत पातळ थर असतात. आपल्या केसाच्या सहस्रांशाहूनही ते पातळ! बोटावर साठलेला प्रभार अकस्मात त्यांतून धावला, की थराला छिद्र पडते.

सुमारे ३००० व्होल्टपेक्षा कमी दाबाचा झटका आपल्या बोटाला बहुधा जाणवत नाही. काही नाजूक भाग तर १०० व्होल्टहूनही कमी दाबाने बिघडतात. म्हणजे आपणांस काही कळण्यापूर्वीच हानी होऊन चुकलेली असते. कधी कधी असा दुखावलेला भाग काही काळ नीट चालतो आणि मग एकाएकी बंद पडतो. तेव्हा त्याचे कारण कोणाच्याही ध्यानात येत नाही.

यावर उपाय एकच : प्रभाराला जमिनीकडे जाण्यास वाट करून देणे. त्यासाठी कुशल कारागीर मनगटाला एक पट्टा बांधतो. त्याची तार भूमीशी जोडलेली असते. तारेत सामान्यतः १० लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. त्यामुळे प्रभार हळूहळू निघून जातो आणि चुकून विजेचा स्पर्श झालाच, तर कारागिराचेही रक्षण होते. तो सुटा भाग कडेनेच धरतो व खास पिशवीत ठेवतो. थर्मोकोल किंवा नायलॉनचे कापड तो जवळ येऊ देत नाही. कोरड्या हवेत प्रभार अधिक साठतो. म्हणून हिवाळ्यात तो विशेष दक्षता घेतो.

तुम्हीही कधी संगणक उघडाल, तर विजेची जोडणी काढून आणि जाणत्या माणसाला जवळ घेऊनच उघडा. ठिणगी दिसली नाही, म्हणून ती पडलीच नाही, असे मात्र समजू नका.