मुक्या सोबत्याचा निरोप केव्हां घ्यावा?

घरांतील वृद्ध मनुष्य आपलें दुखणें बोलून दाखवितो; कुत्र्यामांजरांस तें शक्य नाहीं. इतकेंच नव्हे, तर वेदना होतां होईल तों लपविणें हा पशूंचा स्वभावच आहे. म्हणून 'तो शेपूट हालवितो, दोन घांस खातो, मग बरेंच चाललें आहे' असें समाधान करून घेणाऱ्या कुटुंबांस आम्ही विनंति करतों कीं, त्यांनीं जरा बारकाईनें पाहावें. जुनाट दुखण्यानें पशु क्वचितच ओरडतो. सांधे धरलेलें कुत्रें उठतांना अडखळतें, जिन्याशीं थबकतें, एकच सांधा चाटीत बसतें, रात्रीं जागा बदलीत राहतें. मांजर उंच उडी मारण्याचें सोडतें, अंग चाटून स्वच्छ ठेवीनासें होतें, कोनाडा धरून बसतें. यांस केवळ म्हातारपण म्हणून सोडून देऊं नये.

प्रथम उपाय; निरोपाचा विचार मागाहून. पशुवैद्याच्या सल्ल्यानें वेदनाशामक औषधें, वाढलेलें वजन उतरविणें, गुळगुळीत फरशीवर सतरंजी, ऊबदार अंथरूण, हाताशीं पाणी, एवढ्यानेंहि कित्येक जनावरांचे पुढले महिने सुखाचे जातात. मात्र माणसांचीं औषधें आपल्या मनानें देऊं नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळीहि मांजराच्या जिवावर बेतूं शकते, आणि आयबुप्रोफेन कुत्र्यास घातक ठरूं शकतें.

उपाय थकले म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. धर्मबुद्धीचे लोक म्हणतात, 'जो जीव आपण दिला नाहीं, तो घेण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला?' हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. इ. स. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक अपंग वासरूं असह्य वेदनांनीं तळमळत होतें, आणि पशुवैद्यानें आशा सोडली होती. महात्मा गांधींनीं आश्रमवासीयांशीं चर्चा केली. कांहींचा विरोध असतांहि, शेवटीं डॉक्टरकडून सुई टोंचवून, स्वतः समोर उभे राहून, त्याचा अंत करविला. अहिंसेच्या उपासकाकडून हें घडलें म्हणून मोठा गहजब झाला व संतापाच्या पत्रांचा त्यांच्यावर वर्षाव झाला. त्यांच्या उत्तराचा आशय असा कीं, स्वार्थानें वा क्रोधानें दिलेली पीडा ही हिंसा. शांत चित्तानें, त्या जिवाच्याच हितासाठीं, निरुपाय वेदनेचा केलेला शेवट ही हिंसा नव्हे. प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या इ. स. १९६० च्या कायद्यांतहि, ज्या पशूस जिवंत ठेवणें हीच क्रूरता होईल त्याचा अंत करण्याचा आदेश देण्याची मुभा न्यायालयास आहे.

'हिताचें' मोजमाप कसें करावें? ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य विदुषीनें इ. स. २००४ मध्यें यासाठीं सात कसोट्या सांगितल्या: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांहून चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहींत. प्रत्येकीस शून्य ते दहा गुण द्यावयाचे. एकूण सत्तरांपैकीं पस्तिसांहून अधिक मिळाल्यास जीवन सुसह्य समजावें. गुणांवर परीक्षेसारखें विसंबूं नये, परंतु रोजच्या पाहण्यास शिस्त येते. आमची सूचना याहूनहि सोपी आहे. स्वयंपाकघरांतील दिनदर्शिकेवर रोज निजण्यापूर्वीं चांगल्या दिवसास टिंब व वाईट दिवसास फुली करावी. मन आशेनें फसतें. महिन्याच्या फुल्या फसवीत नाहींत.

एकत्र कुटुंबांत मोठा धोका निराळाच असतो. आजीस पाप वाटतें, मुलांस रडूं येतें, कर्ते पुरुष 'पुढच्या आठवड्यांत पाहूं' म्हणतात; या बारभाईच्या कारभारांत दुखणें मात्र एकट्या जनावरानें सोसावयाचें! म्हणून सर्वांचें ऐकून घ्यावें, पण जें माणूस त्यास रोज खाऊंपिऊं घालतें व रात्रीं त्याच्यासाठीं उठतें, त्याच्या शब्दास अधिक वजन द्यावें. कोणतीं लक्षणें दिसल्यावर थांबावयाचें, हें पशुवैद्यास विचारून आधींच ठरवावें. शेवटच्या भयंकर रात्रीं धांवाधांव करण्यापेक्षां दोन दिवस आधींचा शांत निरोप बरा, असें पुष्कळ पशुवैद्य सांगतात.

प्रत्यक्ष कृतीविषयीं अकारण भय नसावें. बहुधा प्रथम गुंगीची सुई देतात. जनावर झोपीं गेल्यावर भुलीच्या औषधाची मोठी मात्रा देतात, आणि थोड्याच मिनिटांत हृदय थांबतें. डोळे उघडे राहतात, क्वचित् एखादा उसासा येतो किंवा अंग थरकतें; तें वेदनेचें चिन्ह नव्हे, हें आधीं ठाऊक असलेलें बरें. लहान मुलांस 'त्याला झोपविलें' असें सांगूं नये. तीं झोपेसच भिऊं लागतात. 'त्याचें दुखणें बरें होण्याजोगें नव्हतें, म्हणून डॉक्टरांनीं त्यास न दुखतां मरूं दिलें' असें खरें सांगावें, आणि त्यांस रडूं द्यावें.

महाप्रस्थानिक पर्वांत धर्मराजानें कुत्र्यास टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्याचें नाकारलें. ही कथा पुढें करून कोणी म्हणेल कीं, आपणहि सोबत्यास टाकूं नये. आमचेंहि म्हणणें तेंच आहे. पण टाकणें म्हणजे काय? नोकराबरोबर दवाखान्यांत पाठवून आपण घरीं बसणें, हें टाकणें होय. आपणांस सोसवत नाहीं म्हणून वेदनेंत कुजत ठेवणें, हेंहि टाकणेंच होय. ज्या हातानें त्यास वर्षानुवर्षें भाकरी घातली, तो हात अखेरच्या श्वासापर्यंत त्याच्या मस्तकावर असावा. एवढें ज्या घरांत होतें, त्या घरानें आपला सोबती टाकला असें कोणासहि म्हणतां येणार नाहीं.