आमच्या नातीचें संस्कृत

कळंब्यास राहतों असें सांगितलें कीं कोल्हापुरांतला मनुष्य आधीं गालांतल्या गालांत हंसतो. मध्यवर्ती कारागृह ह्याच गांवचें. त्यामुळें शहरांत ‘कळंब्याला गेला’ ह्याचा अर्थ निराळाच होतो. पण आमचें घर तलावाच्या अंगास आहे, आणि सायंकाळीं बांधावरून फिरतांना कात्यायनीच्या डोंगराकडचा वारा लागला म्हणजे त्या थट्टेचें कांहीं वाटत नाहीं. गेल्या जूनमध्यें अशाच एका सायंकाळीं माझी नात माझ्याबरोबर बांधावर आली होती, आणि घरापासून तेथपर्यंत ती एक शब्दही बोलली नव्हती. हें तिच्या स्वभावास सोडून होतें.

झालें होतें तें इतकेंच. तिनें आठवीस संपूर्ण संस्कृत घेतलें होतें. मीं जन्मभर तोच विषय शिकविला, म्हणूनच घरांत त्याचें नांव काढावयास मी बिचकतों. आजोबांच्या हौसेचें ओझें नातवंडांच्या पाठीवर नको. तिनें तें आपण होऊन घेतलें. कारण विचारलें तेव्हां म्हणाली, “आजोबा, संधि सोडवितांना गणितासारखें वाटतें, पण उत्तर ऐकायला गोड येतें.” एप्रिलमध्येंच वरच्या वर्गांतल्या एका मुलीकडून नववीचें ‘आमोदः’ आणून, त्यास खाकी कागदाचें वेष्टण घालून, वर आपलें नांव घालून तिनें ठेवून दिलें होतें. शाळा उघडली आणि तिसऱ्या दिवशीं सूचनाफलकावर दोन ओळी लागल्या: नववीस संपूर्ण संस्कृत ह्या वर्षापासून बंद, संबंधित विद्यार्थ्यांनीं हिंदीच्या वर्गांत बसावें. संबंधित विद्यार्थी सात होते. त्यांच्या बाई मेअखेर निवृत्त झाल्या होत्या.

रात्रीं पानावर ह्या गोष्टीची चर्चा झाली. चिरंजीव म्हणाले, “अण्णा, एका विषयाचें एवढें काय? हिंदींतही गुण पडतात.” सूनबाईंस चिंता टक्केवारीची, संस्कृतांत शंभराच्या जवळ जातां येतें, तें आतां गेलें. धाकट्या चिरंजिवांनीं शाळा बदलण्याचा उपाय सुचविला, आणि त्यावर बसचें भाडें, वेळ, मैत्रिणी असा बराच ऊहापोह झाला. आमच्या सौ. शेवटीं म्हणाल्या, “आधीं तिला जेवूं द्या.” सर्वांचें बोलणें शहाणपणाचेंच होतें. फक्त जिचा विषय गेला तिला कोणीं कांहीं विचारलें नाहीं. मीं सुद्धां नाहीं. जेवण झाल्यावर ती उठली आणि तें खाकी वेष्टणाचें पुस्तक तिनें कपाटांत, जुन्या वह्यांच्या मागें, उभें करून ठेविलें. आदळलें नाहीं, फेंकलें नाहीं.

तिची ती पाठमोरी आकृति पाहतांना मला एक मुलगा आठवला. सुमारें पस्तीस वर्षांमागची गोष्ट. मी ज्या शाळेंत होतों तेथें आठवीच्या आरंभीं विषय नोंदविण्याचें काम माझ्याकडे असे. वीटभट्टीवर मजुरी करणाऱ्या घरचा एक मुलगा आला आणि म्हणाला, “सर, मला संस्कृत पाहिजे.” मीं त्याला जवळ बसवून समजाविलें: घरीं सांगणारें कोणी नाहीं, उच्चार जमणार नाहींत, उगीच टक्के जातील, तूं हिंदी घे. अगदीं मायेनें सांगितलें. तो “बरं सर” म्हणाला आणि गेला. त्या दिवसाची गणना मी पुष्कळ वर्षें माझ्या उपकारांत करीत असें. सूचनाफलकावरच्या त्या दोन ओळींचा मला राग आला खरा. पण माझें तें वाक्य तर फलकावरही लागलें नव्हतें.

पटावर मुलें कमी म्हणून विषय बंद होतो, हा एक प्रकार. विषय चालू असून ‘तो तुझ्यासाठीं नाहीं’ असें सांगणें हा दुसरा, आणि आपल्या महाराष्ट्रांत तो पुष्कळ जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत होते तेव्हां त्यांना दुसरी भाषा म्हणून संस्कृत हवें होतें. वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरीं मुलांकडून रामायण-महाभारताचें वाचन करवून घेणारे. म्हणजे ज्या भाषेंतून हें सारें आलें ती भाषा शिकावी ही इच्छा त्या मुलाच्या ठायीं घरांतूनच उत्पन्न झालेली होती. शाळेंतील संस्कृतच्या शिक्षकांनीं अस्पृश्याच्या मुलास शिकविण्याचें नाकारलें. निरुपायानें पर्शियन घ्यावी लागली, आणि १९०७ सालीं ते तीच घेऊन मॅट्रिक झाले.

पुढें त्यांनीं संस्कृताचा अभ्यास आपल्या हिमतीवर केला हें सर्वश्रुत आहे. परंतु १९४६ सालीं त्यांचा ‘शूद्र पूर्वीं कोण होते’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच्या प्रस्तावनेंत त्यांनीं एक गोष्ट मोकळेपणानें कबूल केली आहे: आपण संस्कृतांत पारंगत नाहीं, हें उणें आहे, पण भाषांतरें वाचून वर्षानुवर्षें अभ्यास केला असतां ह्या विषयावर लिहिण्याचा अधिकार कां नसावा? मीं ती प्रस्तावना प्रौढ वयांत वाचली. कोलंबिया आणि लंडन येथील पदव्या मिळविलेल्या त्या पुरुषास पंचावन्नाव्या वर्षीं हा खुलासा करावा लागला, आणि त्याचें मूळ एका वर्गाच्या दारांत होतें. आमच्यासारखीं घरें आज ‘संस्कृत बुडालें’ म्हणून हळहळतात, तेव्हां दार लावणारा तो हात कोणाचा होता हेंही आठवावें. आपल्या कोल्हापुरांत तर हें सांगावयास नकोच. वेदोक्ताचें प्रकरण येथल्याच पंचगंगेच्या कांठीं पेटलें, आणि तेथें ज्यांना ‘तुम्हांला नाहीं’ म्हटलें गेलें ते प्रत्यक्ष शाहू छत्रपति होते.

दार उघडणारे हातही होते. कुमुद पावडे ह्यांचें ‘अंतःस्फोट’ हें पुस्तक १९८१ सालीं निघालें. आमच्या पिढींतल्या कित्येक घरांत तें आलें नाहीं, येावयास हवें होतें. नागपूरच्या दलित कुटुंबांतली ही मुलगी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत शाळेंत संस्कृत शिकूं लागली. तिला शिकविणारे गोखले गुरुजी जुन्या वळणाचे, सोंवळ्याओंवळ्याचे ब्राह्मण. हे आपल्याला शिकवितील कीं नाहीं ही धाकधूक तिच्या मनांत होती. गुरुजींनीं शिकविलें, आणि हात राखून शिकविलें नाहीं. लोक मात्र तिला टोंचून बोलत, एम. ए. झाल्यावर नोकरीसाठीं तिनें जे उंबरे झिजविले त्याची हकीकत वाचतांना मान खालीं जाते. शेवटीं ती संस्कृतची प्राध्यापिका झाली. २०२३ सालीं त्या वारल्या. गोखले गुरुजी माझ्याच धंद्यांतले, माझ्यासारखेच धोतरांतल्या परंपरेंतले. त्यांनीं तेव्हां जें केलें तें मला त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांनीं सुचलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं मी शाळेंत गेलों. मुख्याध्यापक माझ्या मुलाच्या वयाचे. उठून खुर्ची दिली. त्यांचा दोष नाहीं. शिक्षकाचें पद पटसंख्येवर मंजूर होतें. सात मुलांसाठीं निराळा शिक्षक मिळत नाहीं, आणि असलेल्या शिक्षकांत संस्कृत जाणणारा उरला नाहीं. अर्धें हिंदी, अर्धें संस्कृत असा संयुक्त विषय घेतां येईल का, असें मीं विचारलें. “अर्ध्यालाही माणूस लागतोच ना, सर,” ते म्हणाले. ह्यावर काय बोलणार? २०२५ च्या उन्हाळ्यांत पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून साऱ्या महाराष्ट्रांत रण माजलें, आणि जूनअखेर सरकारनें आपले दोन्ही निर्णय मागें घेतले. तें योग्यच झालें असें माझें मत आहे. पण नववीच्या मुलानें स्वतः निवडलेली तिसरी भाषा गेली तर त्यावर कोणी मोर्चा काढीत नाहीं.

मीं विनावेतन शिकविण्याचें सांगितलें. त्यांत अडचणी निघाल्या. शंभरांपैकीं ऐंशी गुण लेखी परीक्षेचे. उरलेले वीस शाळेनें द्यावयाचे, ते बाहेरच्या माणसाच्या सांगण्यावरून कसे द्यावे? वेळापत्रकांत तास हिंदीच्या वेळींच बसतो. शिवाय माझें वय. तरीही “अर्ज द्या, संस्थेपुढें ठेवतों,” असें ते म्हणाले, आणि मला तें खोटें वाटलें नाहीं.

त्या दिवशीं सायंकाळीं बांधावर मीं नातीस विचारलें, “बाळ, तुला काय पाहिजे?” प्रश्न चोवीस तास उशिराच आला होता. ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “आजोबा, विषय गेला त्याचें वाईट वाटतेंच. पण बाबा म्हणाले ना, एवढें काय, त्याचें जास्त वाटलें.” मीं तिला समजाविण्यास तोंड उघडलें आणि मिटलें. पस्तीस वर्षांपूर्वीं मीं फार चांगलें समजाविलें होतें. नंतर त्या मुलाची गोष्ट मीं तिला सांगितली, कांहीं न लपवितां. तिनें एवढेंच विचारलें, “त्याचं नांव काय होतं?” नांव मला आठवत होतें. तें मीं सांगितलें.

हल्लीं ती शाळेंत हिंदी शिकते, आणि तींत तिला गोडीही लागूं लागली आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार सायंकाळीं सहा वाजतां आमच्या पडवींत ‘आमोदः’ उघडतें. सातांपैकीं चार मुलें येतात. एकाला शिकवणी असते, दोघींचीं घरें लांब आहेत. गेल्या पंधरवड्यापासून हिंदीच्याच वर्गांतला एक मुलगा आपल्या मित्राबरोबर येऊन पायरीवर बसत असे. त्याच्याजवळ पुस्तक नव्हतें. आतां तो आंत बसतो आणि नातीच्या पुस्तकांत पाहतो. ह्या शिकण्याला गुण नाहींत हें मीं सर्वांना पहिल्याच दिवशीं सांगून टाकलें आहे.

संस्थेकडे दिलेल्या अर्जाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं. चिरंजीव परवां कचेरींतून येतांना त्याची चौकशी करून आले, मीं सांगितलें नसतां.