पीएचडीचा प्रश्न केवढा असावा?

गावी, महाडला गेले की एक प्रश्न ठरलेला: "खेळांवर पीएचडी? मग पुढे नोकरी कसली?" मी उत्तर एसटी स्टँडपासून सुरू करते.

समजा, दोन सहा सीटर रिक्षा आहेत. सकाळी महाडला ६ प्रवासी, पोलादपूरला ४. कुठे उभं राहायचं हे दोन्ही चालक एकमेकांना न विचारता ठरवतात. एकाच जागी आले तर प्रवासी निम्मे-निम्मे. एक महाडला, एक पोलादपूरला असेल तर एकट्याने जागा बदलून कुणाचाच फायदा नाही. हाच नॅश समतोल. असा समतोल, गरज पडल्यास नाणं उडवून निवड करायची मुभा दिली की, नेहमी असतोच, हे जॉन नॅशने १९५० मध्ये दाखवलं. अल्गोरिदमिक गेम थिअरी पुढचं विचारते: तो शोधायला वेळ किती लागेल?

दोन-दोन पर्याय असतील तर कागदावर जमतं. पर्याय हजारो झाले की खरी गंमत. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा असेल, तर लिनियर प्रोग्रॅमिंगने उत्तर झटपट मिळतं. ही अट काढली, तर दोन खेळाडूंसाठीसुद्धा झटपट पद्धत माहीत नाही. ती नसावीच असं बहुतेकांना वाटतं. २००६ मधल्या चेन आणि डेंग यांच्या निकालाचा अर्थ हाच.

मग सोपं कुठे संपतं? प्रत्येक घरातल्या दोघांच्या कमाईची बेरीज करून एक मॅट्रिक्स मांडा. सगळीकडे शून्य आलं तर रँक ०. प्रत्येक घर म्हणजे ओळीचा आकडा गुणिले स्तंभाचा आकडा असं, पाढ्यांच्या तक्त्यासारखं दिसलं, तर रँक १. रँक ठरावीक असेल तर अंदाजे उत्तर लवकर मिळतं, हे कन्नन आणि थिओबाल्ड यांनी आधीच दाखवलं होतं. अचूक उत्तराचं काय, हा प्रश्न उरला होता.

२०११ मध्ये आयआयटी मुंबईतले भरत अडसूळ, जुगल गर्ग, रुता मेहता आणि मिलिंद सोहोनी यांनी रँक १ साठी झटपट, अचूक अल्गोरिदम दिला. गर्ग आणि मेहता तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. २०१४ मध्ये मेहतांनी उलटी बाजू सिद्ध केली: रँक ३ किंवा जास्त असेल तर प्रश्न सर्वसाधारण खेळाइतकाच अवघड. त्या निबंधात रँक २ चा प्रश्न मोकळाच राहिला. आज दोघेही अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक आहेत. तर नोकरी ही अशी.

पहिल्या वर्षी मी प्रस्तावात "मुंबई–गोवा महामार्गाची कोंडी सोडवणे" असं लिहिलं होतं. ती इच्छा होती, प्रश्न नव्हता. त्यात एक वर्ष गेलं. म्हणून सांगते: सोपं काय आणि अवघड काय हे आधी नीट लिहून काढा, आणि मधली हद्द एका पायरीने सरकवता येते का ते पाहा. 'जमतं' आणि 'जमणं अवघड' ही दोन्ही उत्तरं संशोधनच असतात. आणि रँक तर तुम्ही बीएस्सीलाच शिकलेले आहात.