पराली जाळल्यास तुरुंगवास होतो का? कायदा काय सांगतो

नवी दिल्ली : भातकापणीनंतर शेतात उरलेली पराली पेटवणाऱ्या शेतकऱ्याकडून भरपाई वसूल होते, त्याच्यावर गुन्हाही नोंदवला जातो. मात्र हवेच्या गुणवत्तेसाठी केलेल्या विशेष कायद्यातील तुरुंगवासाची तरतूद त्याला लागू नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, काही जणांना तुरुंगात पाठवल्यास योग्य संदेश जाईल, अशा आशयाची टिप्पणी केल्यानंतर हा मुद्दा पुन्हा चर्चेत आला.

शेतकऱ्यांना सूट कशी मिळाली?

ऑक्टोबर २०२० च्या अध्यादेशात पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्हींची तरतूद होती. आंदोलक शेतकरी संघटनांनी तिला विरोध केला. २०२१ च्या कायद्यातील कलम १४ मध्ये ही शिक्षा कायम राहिली, परंतु पराली जाळणाऱ्या शेतकऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. त्यांच्याकडून कलम १५ नुसार पर्यावरण भरपाई घेतली जाते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती दुप्पट करण्यात आली. दोन एकरांपेक्षा कमी जमिनीसाठी ५ हजार, दोन ते पाच एकरांसाठी १० हजार आणि त्याहून अधिक जमिनीसाठी ३० हजार रुपये असे दर आहेत.

मग गुन्हा कशाचा?

जिल्हा प्रशासनाच्या बंदी आदेशाचा भंग केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवला जातो. मानवी आरोग्यास धोका निर्माण झाल्यास त्यात एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र संबंधित अधिकाऱ्याने लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही.

'लाल नोंद' म्हणजे काय?

पंजाबमध्ये संबंधित जमिनीच्या महसुली अभिलेखात 'लाल नोंद' केली जाते. त्यामुळे त्या जमिनीवर कर्ज घेणे वा ती विकणे अवघड होते. हरियाणाने २०२४ मध्ये अशा शेतकऱ्यांना दोन हंगाम बाजार समितीत शेतमाल विकण्यास मनाई करण्याचे निर्देश दिले.

अडचण कोठे आहे?

उपग्रहाला आग दिसते, ती लावणारा दिसत नाही. त्यामुळे प्रत्यक्ष पाहणी करावी लागते. खंडाने दिलेल्या शेतात आग कुळाने लावली, तरी नोंद मालकाच्या जमिनीवर राहते. शिवाय भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये केलेल्या कायद्याने ठरलेल्या तारखेपूर्वी भात लावण्यास मनाई केली. उल्लंघनास हेक्टरी १० हजार रुपये दंड आहे. परिणामी कापणी लांबते आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. एका कायद्याचे पालन करताना दुसरा मोडण्याची वेळ शेतकऱ्यावर येते, ती येथेच.