दिवाणखान्यात नऊ टन पाणी

ताकाशी अमानो हे जपानी छायाचित्रकार तरुणपणी व्यावसायिक सायकलपटू होते. पुढे ते पाण्याखालच्या बागा रचू लागले आणि जगभरचे मत्स्यालयवेडे त्यांना गुरू मानू लागले. जपानमध्ये निगाता इथल्या त्यांच्या घरात एक टाकी होती. लांबी ४ मीटर, रुंदी १.५ मीटर आणि उंची १.५ मीटर. हिशेब केला तर हे नऊ हजार लिटर, म्हणजे नऊ टन पाणी होतं. एवढी टाकी काठोकाठ भरली की एकट्या समोरच्या काचेवर साडेचार टनांचा रेटा येतो. मोठ्या नर हत्तीने सगळा भार टाकून काचेला टेकावं, तेवढा. पलीकडे मासे संथपणे फिरत असतात आणि पाहणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही.

आता कल्पना करा, की या टाकीची रुंदी दुप्पट केली. पाणी अठरा टन झालं. समोरच्या काचेवरचा रेटा किती वाढला? अजिबात नाही. काचेमागे दीड मीटर पाणी असो की दीड मैल, खोली तेवढीच असेल आणि पाणी स्थिर असेल तर काचेला दोन्ही सारखंच. सायमन स्टेव्हिन या फ्लेमिश गणितज्ञाने हे १५८६ सालीच दाखवून दिलं होतं. पाण्याचा दाब फक्त खोली ओळखतो. मला हा निसर्गातल्या सर्वांत चकित करणाऱ्या नियमांपैकी एक वाटतो, कारण मन तो सहजी मानायला तयार होत नाही.

उंची मात्र सगळं वसूल करते. आठ फूट लांब आणि दोन फूट उंच टाकीच्या पुढच्या काचेवर साधारण ४५० किलोंचा रेटा येतो. तीच टाकी तीन फूट उंच केली की तो हजार किलोंच्या वर जातो. उंची दीडपट, रेटा सव्वादोनपट. एक तर तळाचा दाब वाढतो, आणि तो झेलणारी काचही मोठी होते.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. त्या जमान्यात घरगुती टाक्यांच्या काचा लोखंडी चौकटीत पुटीने बसवत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिकॉन सीलंट आलं आणि चौकट गळून पडली. हे सीलंट काचेला नुसतं चिकटत नाही, तिच्याशी रासायनिक नातं जोडतं. काचेच्या रेणूंचा सांगाडा सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा, सीलंटच्या साखळीचा कणाही त्याच दोघांचा. लावताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण हवेतली आर्द्रता शोषून घट्ट होताना ते खरोखरच ॲसेटिक आम्ल सोडतं. ही क्रिया बाहेरून आत सरकते, म्हणून जाड सांध्याला दिवसच्या दिवस द्यावे लागतात. तिथे घाई करणारा पुढे पस्तावतो. आणि जुन्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही, त्यामुळे गळका सांधा वरून लिंपून भागत नाही, पूर्ण खरवडूनच काढावा लागतो.

चौकट गेली तरी मोठ्या टाक्यांना वरच्या काठाशी काचेच्या आडव्या पट्ट्या ठेवतात. त्या पुढच्या आणि मागच्या काचेला एकमेकींशी बांधून ठेवतात. रिमलेस टाकीत या पट्ट्याही नसतात, आणि खरी गंमत इथे सुरू होते. पाण्याचा दाब तळाशी सर्वाधिक आणि पृष्ठभागाशी शून्य. तरीही काच बाहेर झुकते ती सर्वांत जास्त वरच्या काठाच्या मधोमध! खालून तळाने आणि दोन्ही बाजूंनी शेजारच्या काचांनी धरलेलं असतं, वर धरायला कोणी नसतं. तळाचा सांधाही रबरी असल्याने किंचित वळतो. म्हणजे दाबाच्या गणितात लांबीला काही किंमत नव्हती, पण वरची पट्टी काढली की लांबी पुन्हा हिशेबात येते. टाकी जितकी लांब, तितका मधला भाग दोन्ही आधारांपासून दूर.

त्यावर उपाय जाड काच. इथे भूमिती आपल्या बाजूने उभी राहते, कारण काचेचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. १२ मिलिमीटरऐवजी १९ मिलिमीटर काच घेतली तर जाडी दीडपटीहून थोडी जास्त होते, ताठरपणा जवळजवळ चौपट. वजनही वाढतं, १९ मिलिमीटर काच चौरस मीटरला साडेसत्तेचाळीस किलो भरते. शिवाय साध्या काचेत लोहाचा अंश असल्याने एवढ्या जाडीला ती हिरवट दिसते. म्हणून शौकीन कमी लोहाची, बाजारात ‘एक्स्ट्रा क्लिअर’ म्हणून मिळणारी काच घेतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पाण्याच्या पृष्ठभागासाठी. समोरून, नजर पृष्ठभागाच्या थोडी खाली ठेवून वर पाहिलं की पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो. आतून तिरक्या येणाऱ्या प्रकाशकिरणांना तो बाहेर सोडत नाही, पूर्ण परत फिरवतो, आणि खाली पोहणाऱ्या प्रत्येक माशाचा जोडीदार वर उलटा पोहताना दिसतो. टाकीची वरची पट्टी नेमकी हीच रेषा झाकते. ती पट्टी काढणं हा मला तरी शंभर टक्के योग्य सौदा वाटतो.

प्रकाश दुसरी एक चोरीही करतो. समोरून पाहताना टाकीची रुंदी खऱ्याच्या तीन चतुर्थांशच भासते. अडीच फूट रुंद टाकी दोन फुटांहूनही अरुंद दिसते. खोलवर जाणाऱ्या रानाचा भास हवा असेल तर रुंदी सढळ हाताने द्यावी लागते.

फ्लॅटमध्ये मात्र आधी जमिनीला विचारायला हवं. भारतीय मानकांनुसार राहत्या खोल्यांची जमीन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापरभार धरून आखतात. दोन फूट पाणी एकटंच चौरस मीटरला ६०० किलो होतं, वर काच, दगड, वाळू आणि स्टँड. खोलीच्या एका कोपऱ्यातला जादा भार पेलला जाईल की नाही, हे खालचा बीम कुठून जातो, स्लॅब कुठल्या दिशेने टेकला आहे यावर ठरतं. ते स्ट्रक्चरल इंजिनियरने नकाशा पाहून सांगायचं. दुकानदाराच्या आश्वासनावर हा निर्णय सोडू नये. स्टँड पाणसळ लावून सपाट करावा आणि टाकीखाली फोमचा पातळ थर घालावा, कारण इथे तळाची काच चौकटीवर टेकत नाही, संपूर्ण अंगाने बसते. वाळूचा एक खडा खाली राहिला तरी सगळा ताण त्याच्यावर एकवटतो.

आपल्याकडे लोडशेडिंगचाही विचार हवा. गाळणी मुख्य टाकीखाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत असेल तर पंप बंद पडताच वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पातळीपर्यंत खाली उतरतं. आठ बाय अडीच फुटांच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की साधारण साडेअठरा लिटर पाणी खाली येतं. त्यासाठी खालच्या टाकीत कायम जागा रिकामी हवी. मासे सोडण्यापूर्वी पंप मुद्दाम बंद करून हे तपासावं.

मोठी रिमलेस टाकी बांधायचं मनात असेल तर माझा सल्ला एकच. उंची दोन फुटांवर थांबवा आणि पाणी वाढवायचंच असेल तर रुंदी वाढवा. समोरच्या काचेला तिचा भार पडत नाही, आणि डोळ्याला ती सर्वांत जास्त लागते.