स्कॅनर कुठे ठेवायचा? थ्रीडी स्कॅनिंगचं अर्धं काम कागदावरच होतं

इअरफोन लावलेत? मग चला. आजचा विषय जरा तांत्रिक आहे, पण ऐकून झाल्यावर तुम्ही स्वतःच्या खोलीकडेही वेगळ्या नजरेने बघाल.

आधी पॅरिसला जाऊ. अँड्र्यू टॅलन नावाचे अमेरिकेतले एक कला-इतिहासकार होते. त्यांनी २०१० मध्ये नोत्र-दाम कॅथेड्रल लेझर स्कॅनरने मोजलं. स्कॅनर ५० पेक्षा जास्त ठिकाणी उभा केला आणि १०० कोटींहून जास्त बिंदू गोळा केले. नोव्हेंबर २०१८ मध्ये टॅलन वारले. पुढच्याच वर्षी, १५ एप्रिल २०१९ ला, कॅथेड्रलला आग लागली. छत आणि उंच मनोरा गेला. आगीआधीची इमारत नेमकी कशी होती, हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये टॅलन यांचा डेटा फार मोलाचा ठरला. डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडलं.

आता गंमत बघा. जळालेल्या गोष्टीचं स्कॅनिंग पुन्हा करता येत नाही. त्या दिवशी स्कॅनरला जे दिसलं नाही, ते कायमचं गेलं. म्हणून खरा प्रश्न "स्कॅनर कोणता?" हा नाहीच. खरा प्रश्न आहे, "स्कॅनर ठेवायचा कुठे?"

स्कॅनरला दिसतं कसं?

तिपाईवर बसलेला स्कॅनर गोल फिरतो आणि सगळीकडे लेझर सोडतो. लेझर भिंतीला लागून परत येतो, त्यावरून अंतर कळतं. अशा लाखो बिंदूंचा ढग तयार होतो, त्यालाच पॉइंट क्लाउड म्हणतात.

पण लेझर सरळ जातो, वळत नाही. खांबाच्या मागे काय आहे, हे त्याला कळणार नाही. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च एका जागी उभा करा. जिथे जिथे सावली पडली, तिथे डेटामध्ये भोक. इतकं सोपं आहे!

आधी थोडं गणित

१९७३ मध्ये व्हिक्टर क्ली या गणितज्ञाने एक कोडं घातलं. चित्रांच्या दालनाचा प्रत्येक कोपरा नजरेत राहावा, यासाठी किती पहारेकरी लागतील? १९७५ मध्ये वात्स्लाव ख्वाताल यांनी उत्तर सिद्ध केलं. दालनाच्या कोपऱ्यांच्या संख्येला ३ ने भागा आणि अपूर्णांक सोडून द्या. तेवढे पहारेकरी नक्की पुरतात. म्हणजे १२ कोपऱ्यांच्या दालनाला जास्तीत जास्त ४.

मग स्कॅनिंगलाही ४ जागा पुरतील? नाही. हे उत्तर मधे खांब नसलेल्या दालनासाठी आहे. शिवाय पहारेकऱ्याला नुसतं दिसलं तरी चालतं, स्कॅनरला नीट दिसावं लागतं. त्यात अंतर, कोन आणि ओव्हरलॅप आला.

चला, एका विहिरीवर जाऊ

साताऱ्याजवळ लिंब गावातली बारा मोटेची विहीर तुम्ही रीलवर तरी पाहिली असेल. १८व्या शतकातली, अष्टकोनी, पायऱ्यांची, आणि आत छोटासा महाल! सुमारे ५० फूट रुंद आणि ११० फूट खोल. म्हणजे अंदाजे १५ मीटर आणि ३३ मीटर. समजा, परवानगी काढून आपल्याला ती स्कॅन करायची आहे.

पहिला मोह कोणता? वरच्या कठड्याजवळ स्कॅनर लावायचा आणि चारी बाजूंनी खाली मारायचा. आता हिशोब करू. समजा, आपल्या सेटिंगला १० मीटरवर दोन बिंदूंमध्ये ६ मिलिमीटर अंतर पडतं. २० मीटरवर ते १२ होणार. अंतर दुप्पट, तर फटही दुप्पट.

समोरच्या भिंतीवर १० मीटर खाली बघितलं, तर उभ्या दिशेने बिंदू साधारण १३ मिलिमीटरवर पडतात. ठीक आहे. पण ३० मीटर खाली? तिथे अंतर वाढतं आणि लेझर भिंतीला तिरका घासून जातो. बिंदूंमधली फट जवळपास ४५ मिलिमीटर! एवढ्या फटीत दगडांचे सांधे कुठे दिसणार? आणि ज्या बाजूला आपण उभे आहोत, तिच्या खालची भिंत तर जवळजवळ दिसतच नाही.

हा तिरकेपणा नीट लक्षात ठेवा. संध्याकाळी सावली लांब होते ना, तसा तिरका पडलेला लेझरचा ठिपकाही लांबतो. समोरून पाहण्यापासून ६० अंश कललो, तर ठिपका दुप्पट लांब. ८० अंशांना जवळजवळ सहापट. म्हणून भिंतीला खेटून तिपाई लावू नका.

मग काय करायचं? खाली उतरायचं.

जागा ठरवण्याची पद्धत

१. आधी मोकळ्या हाताने फेरी मारा. स्कॅनर गाडीतच राहू दे. कागदावर नकाशा काढा. हा डेटा कशासाठी हवा, ते लिहा. नुसता आराखडा हवा असेल तर बिंदू थोडे विरळ चालतील. कोरीवकाम हवं असेल तर स्कॅनर जवळ न्यावाच लागेल.

२. नकाशावर प्रत्येक जागेवरून काय दिसतं ते रंगवा. रंग न लागलेला भाग म्हणजे पुढची जागा.

३. खांबांकडे वेगळं बघा. चौकोनी खांबाच्या एका वेळी दोनच बाजू दिसतात. म्हणून खांबाच्या समोरासमोरच्या तिरक्या कोपऱ्यांकडून दोन स्कॅन घ्या, चारही बाजू येतात. महालाच्या बरोबर मधोमध एकच स्कॅन घेतला, तर प्रत्येक खांबाची पाठ कोरी राहील.

४. दारात आणि कमानीत एक स्कॅन हवाच. बाहेरचा भाग आणि आतला भाग जोडणारा दुवा तोच असतो. तो चुकला तर महाल आणि विहीर दोन वेगळ्या फाइल म्हणून हवेत तरंगतात.

५. शेजारच्या दोन स्कॅनमध्ये निदान ३० टक्के भाग सामाईक ठेवा. लांब जिन्यावर आणखी जास्त. शक्य असेल तिथे पांढरे गोळे किंवा चौकटीचे टार्गेट लावा. दोन्ही स्कॅनना दिसणारे किमान ३, एका रेषेत नसलेले, आणि वेगवेगळ्या उंचीवर.

६. साखळी मोकळी सोडू नका. कठडा, पायऱ्या, महाल आणि परत कठडा, असं वर्तुळ पूर्ण करा. प्रत्येक जोडणीत थोडी चूक असते आणि ती पुढे पुढे साठत जाते. सुरुवातीच्या जागी परत आलो की ती चूक उघडी पडते आणि सगळीकडे वाटून दुरुस्त करता येते.

एक छोटी गोष्ट राहिली. तिपाईच्या थेट खाली स्कॅनरला दिसत नाही. तिथे साधारण पाऊण ते एक मीटर त्रिज्येचं गोल भोक पडतं. ते पुढच्या जागेवरून भरून निघेल, अशी व्यवस्था ठेवा.

आणि वेळ! विहिरीतलं पाणी आरशासारखं वागतं, त्याखाली खोट्या भिंती दिसू शकतात. फिरणारे पर्यटक डेटामध्ये भुतासारखे उरतात. म्हणून सकाळी लवकर जा, गर्दीच्या आधी.

आणि आपला फोन?

आयफोन १२ प्रोपासून काही महागड्या आयफोनमध्ये लायडार आला आहे. त्याची पोच साधारण ५ मीटर, म्हणजे विहिरीची समोरची भिंत त्याच्या आवाक्यात नाही. पण घरातली खोली, गावातलं छोटं देऊळ किंवा वीरगळ, एवढं छान होतं. लायडार नसेल तर भरपूर फोटो काढून थ्रीडी मॉडेल करणारी अॅप आहेत.

साधन बदललं तरी नियम तेच. सावली शोधा, समोरून बघा, ओव्हरलॅप ठेवा, जिथून निघालात तिथे परत या.

या आठवड्यात एवढंच करा. तुमच्या गावातली एखादी जुनी वास्तू निवडा आणि कागदावर नकाशा काढून स्कॅनरच्या जागा ठरवा. अजून स्कॅन नको, नुसत्या जागा. पावसाळ्यात दर वर्षी कुठला ना कुठला जुना वाडा, जुनी भिंत कोसळते. त्याआधी कुणी मोजायला आलं, तर त्याच्या हातात तुमचा कागद असू दे.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत, ऐकत राहा!